वारूळवाडीत लिपस्टिक

माझी भाची पुण्याहून येते तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा असतात. एकीत कपडे असतात आणि दुसरीत ती स्वतः असते. म्हणजे तिचे केस, तिची नखं, तिचे ओठ वगैरे. सकाळी तासाभराने मोरीतून बाहेर आली की या दुसऱ्या बॅगेतून ती हळूहळू तयार होते.

गेल्या दिवाळीत ती बॅग तिने आमच्या ओसरीवर उपडी केली. कांद्याचं तेल, तांदळाच्या पाण्याचा शाम्पू, आणि सीरम नावाची एक काचेची कुपी. आत डोळ्यांच्या औषधाएवढा ऐवज आणि किंमत मात्र सरकी पेंडीच्या पोत्याएवढी. कांद्याचं तेल पाहून मला भडभडून आलं. अहो, आमचा जुन्नर तालुका म्हणजे कांद्याचं माहेर. भाव पडला की शेतकरी डोक्याला हात लावून बसतो. पण त्याच डोक्याला कांदाच लावायचा, आणि तोही बाटलीत भरून, ही युक्ती आमच्यात कुणाला सुचली नाही.

“मावशी, हात पुढे कर,” भाची म्हणाली. मी केला. पंधरा मिनिटांत माझ्या दहा नखांवर पिकलेल्या टोमॅटोचा रंग चढला. आणि पाठोपाठ ओसरीच्या कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला, “दोन हात दे. एकावर भागत नाही.”

आत्याला नेलपॉलिशमधलं कळतं. का कळतं, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

वारूळवाडी नारायणगावला अगदी खेटून आहे. एस.टी.तून जाणाऱ्याला नारायणगाव कुठे संपलं आणि वारूळवाडी कुठे लागली हे कळत नाही. आम्हाला मात्र पक्कं कळतं. माझ्या लहानपणी आमच्या घरात नटण्यामुरडण्याच्या तीनच गोष्टी मंजूर होत्या: शिकेकाई, काजळ आणि कुंकू. चौथीचं नाव काढलं की आजी नुसतं बघायची.

शिकेकाईचं न्हाणं हा रविवारचा सोहळा असे. आदल्या रात्री शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा असं काय काय भिजत पडे. सकाळी ते चुलीवर उकळलं की घरभर वास सुटे आणि आम्हा पोरी पेंढ्यामागे लपून बसू. आजी एकेकीला ओढून आणी. तिचा हात केसांतून फिरला की मेंदू जागच्या जागी सरकल्याचं स्पष्ट जाणवे. डोळ्यांत पाणी गेलं तर “बरंय, डोळे पण स्वच्छ होतात” असं उत्तर मिळे.

आता गंमत अशी, की या चोळण्यालाच जगात शाम्पू म्हणतात. हा शब्द आपल्याच चांपणे, चंपी या घराण्यातला. पाटण्याचा शेख दीन महंमद नावाचा गृहस्थ विलायतेला गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनच्या समुद्रकाठी त्याने बड्या लोकांचं अंग चांपायचं दुकान थाटलं. वाफेचं स्नान आणि वर मालिश. त्याची कीर्ती इतकी पसरली, की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला आपला ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमला. म्हणजे आमची आजी फुकटात जे करत होती, त्याला तिथे राजाश्रय होता. पुढे शब्दातली चंपी गळाली, फेस उरला, आणि तो फेस बाटलीत बसून आपल्याकडे परत आला.

पण बाटली महाग. खेड्यात ती फक्त शिक्षिकाबाईंच्या घरी. खरी क्रांती केली ती पुडीने. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत घालून विकायची कल्पना काढली आणि त्यांचे चिरंजीव रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शाम्पू काढून ती घरोघर नेली. एका न्हाण्यापुरता शाम्पू, सुट्या पैशांत. पुढे असल्या पुड्यांच्या माळा आमच्याकडच्या किराणा दुकानांतही लग्नाच्या तोरणासारख्या लोंबू लागल्या. आजीने पहिली पुडी हातात धरून उजेडात पाहिली. “एवढ्यात डोकं धुतं?” म्हणाली. मग तिने ती फोडली आणि आपली रेशमी साडी धुतली. साडी छान निघाली. डोक्याला मात्र शेवटपर्यंत शिकेकाईच.

तेलाचं प्रकरणही असंच. खोबरेल पत्र्याच्या डब्यात यायचं आणि थंडीत गोठलं की केसातल्या आकड्याने उकरावं लागायचं. ‘पॅराशूट’वाल्या हर्ष मारीवालांनी डबा सोडून प्लास्टिकची बाटली आणायची ठरवली तेव्हा दुकानदार नाही म्हणाले. कारण काय, तर उंदीर! आधी कुणीतरी चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्या आणून पाहिल्या होत्या आणि त्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. तेव्हा या मंडळींनी गोल बाटली केली, जिच्यावर उंदराचे दात टेकू नयेत, आणि खरोखरच पिंजऱ्यात उंदीर आणि बाटल्या एकत्र ठेवून दुकानदारांची खात्री पटवली. आपल्या बायकांच्या केसांचा इतिहास लिहायचा तर उंदरांनाही एक प्रकरण द्यावं लागेल.

असो. तेल आणि शाम्पू यांना घरात फारसा विरोध झाला नाही. विरोध होता तो रंगाला.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. चैत्राच्या तोंडावर फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला इथे येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. तमाशातल्याच घराण्यात १९३५ साली जन्मलेल्या या बाईंचा १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. २००२ मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. तर अशा गावाच्या शेजारी राहून आमच्या कानांवर ढोलकी पाळण्यात असल्यापासून, आणि डोळ्यांवर लालीही.

जुन्या काळी तमाशात मुर्दाडशिंग उगाळून तोंडाला फासत. ते शिशापासून होतं, कातडीला आणि जिवाला बाधणारं. नंतर सफेदा आला, स्नो आला, पावडर आली, लिपस्टिक आली. पुण्यामुंबईच्या बाईला लिपस्टिक सिनेमाच्या पडद्यावर दिसली असेल. आम्हाला ती कंदिलाच्या उजेडात तंबूच्या फटीतून दिसली. आणि म्हणूनच ती घरात येणं अशक्य होतं. पहिल्या रांगेत बसून फेटे उडवायला घरातले पुरुष चालत, पण तिथला रंग दारातून आत येता कामा नये. हे गणित मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं आणि राग येतो.

आत्या सतरा वर्षांची होती, मी सात-आठ. मुक्ताबाईच्या जत्रेत कटलरीच्या दुकानातून तिने लिपस्टिक घेतली. बांगड्यांचे पैसे वाचवून. कुठल्या कंपनीची होती देव जाणे. खरं तर देशात ‘लॅक्मे’ १९५२ पासून होती. टाटा ऑइल मिल्सने ती काढली. बायका परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन उधळतात म्हणून खुद्द नेहरूंनी टाटांना गळ घातली, असं सांगतात. नाव ठेवलं एका फ्रेंच संगीतिकेवरून. लॅक्मे म्हणजे आपली लक्ष्मीच, फ्रेंच उच्चारातली. १८८३ सालच्या त्या संगीतिकेतली लॅक्मे ही भटजीची मुलगी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते आणि शेवटी धोत्रा खाऊन मरते. लक्ष्मीचं नाव घ्यायचं ते घ्यायचं, आणि धोत्रा खाणारीचं! आमच्या आजीला हे कळतं तर तिने लिपस्टिकच्या विरोधात आणखी एक कलम घातलं असतं. त्यातून त्या लालीतला एक रंग निवडुंगावरच्या किड्यांपासून काढतात हेही कळतं, तर माळकरी घरात काय झालं असतं ते सांगायला नको.

तर आत्याने ती लिपस्टिक गोठ्यामागे नेली. आरसा नव्हता, म्हणून आरसा मी. “वरच्या ओठाबाहेर गेली का गं?” “थोडी गेली.” “पूस.” मी फ्रॉकला पुसली. दहा मिनिटं आम्ही दोघी कोण कोण झालो. मग आजोबा गाईला पाणी दाखवायला आले.

त्यांनी मारलं नाही. नुसतं विचारलं, “फडात नाव घालून येऊ का तुझं?” लिपस्टिक शेणाच्या खड्ड्यात गेली आणि पुढच्या सालच्या आत आत्याचं लग्न झालं. माझ्या फ्रॉकवरचा डाग शिकेकाईने गेला नाही. आजीने तो फ्रॉक फाडून बोळे केले.

पुढे आत्याचे यजमान वारले तेव्हा ती पस्तिशीतच होती. विधवेच्या केशवपनाची चाल ब्राह्मण घरांतली. तिच्याविरुद्ध १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत न्हाव्यांना एकत्र करून विधवांना वस्तरा लावणार नाही असं ठरवून घेतलं होतं. आमच्याकडे केस राहत. बाकी मात्र सगळं जाई. कुंकू पुसलं, बांगड्या गेल्या, जोडवी गेली. सगळ्याची यादी बायकांच्या तोंडपाठ होती. कुणी कागदावर बघायला गेलं नाही.

वर्षसहा महिन्यांनी ती दिवाळीला माहेरी आली आणि चहाची कपबशी पुढे केली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. नखं रंगवलेली. लाल नव्हे, गुलाबी, पण रंगवलेली.

चुलत आजोबा जत्रेतल्या भांडणांचे पंच असत. ते घसा खाकरून म्हणाले, “हे काय बरं दिसतं का?”

आत्या शांतपणे म्हणाली, “काका, कुंकू लावायचं नाही म्हणालात, नाही लावत. बांगड्या नाही घालत. नखांचं कुठं सांगितलंय ते दाखवा.”

ओसरीवर शांतता. कारण सांगितलेलं नव्हतंच! सांगणार कसं? नेलपॉलिश ज्यापासून होतं तो नायट्रोसेल्युलोज म्हणजे बंदुकीच्या कापसाचा भाऊबंद. पहिल्या महायुद्धानंतर त्यापासून मोटारींचा झटपट वाळणारा रंग करू लागले, आणि त्याच जातीचं रोगण नखांवर आलं. ‘रेव्हलॉन’ कंपनी निघाली ती १९३२ मध्ये. आमच्या रूढी त्याआधीच लिहून पूर्ण झाल्या होत्या. कुंकवाला मालक होता, चुड्याला मालक होता. लिपस्टिकला लोकांनी तमाशा चिकटवून ठेवला होता. या बाटलीवर मात्र कुणाचं नावच घालायचं राहून गेलं होतं. आत्याने ती फट बरोबर हेरली.

पंचांनी आजीकडे पाहिलं. आजी गहू निवडत होती. तिने खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, “त्या बाटलीचं झाकण घट्ट लाव बाई. वास येतो.”

निकाल लागला. तेव्हापासून चाळीसेक वर्षं आत्याची नखं कधी कोरी राहिली नाहीत. मळ्यात टोमॅटो तोडताना रंग टवके टवके होऊन उडे, तरी ती शनिवारी रात्री पुन्हा बसे. गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी विधवा तिच्याकडे येऊ लागल्या. “डोकं विंचरून दे” म्हणून यायच्या आणि हात पदराखाली झाकून जायच्या.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की गावात विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. मी पेपर वाचून दाखवला. आत्या म्हणाली, “बरं झालं. आता टिकली लावावी म्हटलं तर कपाळावर सपाट जागा कुठाय?”

तर या दिवाळीत तिच्या नखांवर दुसरा हात झाला. मग भाचीने बॅगेतून लिपस्टिक काढली. “आत्याआजी, ओठ असे कर.”

“नको गं, या वयात.”

“कर तर.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मोठा आरसा आणायला उठत होते, तर तिने मला खाली बसवलं. “आरसा कशाला? तू आहेस की.” भाचीने रंग लावला. आत्याने मान वळवून विचारलं, “बाहेर गेली का गं?”

“थोडी गेली,” मी म्हटलं, आणि पदराने पुसली.

तेवढ्यात दाराशी पावलं वाजली. आत्याने झटकन पदर तोंडाला लावला. मग वाकून पाहिलं. दूधवाला होता. तिने पदर खाली घेतला आणि त्याला म्हणाली, “आज अर्धा लिटर जास्त घाल. पाहुणी आहे.”