पायरी आणि उतार

अपंगांविषयी कणव बाळगणारी माणसे प्रत्येक समाजात आढळतात. परंतु कणवेने चाकांची खुर्ची पायरी चढत नाही. हे ओळखून ज्यांनी हाती मोजपट्टी घेतली, त्या अमेरिकेतील टिमोथी न्यूजंट (१९२३–२०१५) यांच्या जीवितकार्याचा परिचय आम्ही ज्ञातिबंधुभगिनींस करून देऊ इच्छितो.

दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेले अनेक तरुण सैनिक पुढे विद्यार्जनाकडे वळले. इ. स. १९४८ साली इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग येथील शाखेत न्यूजंट यांनी अशा विद्यार्थ्यांसाठी कार्य आरंभिले. ही शाखा जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतींत असल्यामुळे खुर्चीवरून वावरणे तेथे सुकर होते. पण १९४९ साली ती बंद करण्याचे ठरले. विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड येथे आणि अर्बाना येथील मुख्य विद्यापीठात जाऊन त्यांनी आपली मागणी मांडली. विद्यापीठाने केवळ प्रयोग म्हणून त्यांस प्रवेश दिला. पुढे तो प्रयोगच त्या विद्यापीठाचे भूषण ठरला.

विद्यार्थ्याची खुर्ची दुसऱ्याने ढकलावी, हे न्यूजंट यांस रुचत नसे. स्वावलंबन हीच त्यांच्या मते खरी शुश्रूषा. म्हणून माणसास दोष न देता त्यांनी इमारतींचे दोष शोधिले. त्यांच्या संशोधनातून १९६१ साली अमेरिकेत सार्वजनिक इमारतींचे पहिले राष्ट्रीय मानक सिद्ध झाले. एक फूट उंचीस किमान बारा फूट लांबीचा उतार असावा आणि दरवाजाची मोकळी रुंदी किमान ३२ इंच असावी, असे त्यात सांगितले होते. मानक ऐच्छिक होते. परंतु १९६८ साली तेथील केंद्र सरकारने आपल्या इमारतींसाठी याविषयी कायदाच केला. आपल्या देशातही १९९५ व २०१६ च्या कायद्यांनी हे तत्त्व मान्य केले आहे.

तथापि कायदा दाराशी येऊन थांबतो. दार आपणच उघडावयाचे असते. मंगलकार्याची पत्रिका प्रत्येक घरी पोहोचते, पण कार्यालयाच्या पायऱ्यांपुढे कित्येक वृद्ध व अपंग बांधव मागे फिरतात आणि पंगतीतील त्यांचे पान रिकामे राहते. सहा इंची तीन पायऱ्यांस अठरा फुटांचा उतार पुरतो. हे गणित प्राथमिक शाळेतील मुलासही सुटेल. वास्तू बांधताना वा दुरुस्त करताना ते आपण आधी सोडवावे, एवढीच आमची विनंती.