मालदीव: पाहुण्यांचं बेट वेगळं, यजमानांचं वेगळं

१९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांचं पथक मालदीव बघून म्हणालं, इथे पर्यटन जमायचं नाही. देशाचं पोट तेव्हा वाळवलेले मासे श्रीलंकेला विकून भरायचं. १९७२ मध्ये कुरुंबा बेटावर पहिला रिसॉर्ट निघाला, जेमतेम ३० खोल्यांचा, आणि सगळं चित्रच पालटलं. डॉलर आले, शाळा-दवाखाने झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गोम बघा. रिसॉर्ट निर्जन बेटांवर! दारू, बिकिनी तिकडे. मशीद आणि मच्छीमार इकडे. पाहुण्यांच्या ताटातली भाजीसुद्धा बहुतेक परदेशातून येते, म्हणजे आलेल्या डॉलरला लगेच पाय फुटतात. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस काढायची मोकळीक सरकारने दिली ती थेट २००९ च्या सुमारास. तोवर सामान्य गावकरी रिसॉर्टवर जायचा तो बहुधा नोकर म्हणूनच.