कोलसाहेबांचे रविवार

आपला रविवार दाढी, मटण आणि झोपेत जातो. अमेरिकेच्या प्राध्यापक फ्रँक कोलांनी मात्र आपले रविवार एका संख्येला वाहिले : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७! म्हणजे दोनाचा सदुसष्टावा घात, वजा एक. १६४४ साली मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने ती मूळ संख्या म्हणून सांगितली. म्हणजे हिला कोणी भागूच शकत नाही! १८७६ मध्ये ल्युकासने सिद्ध केले, भाग जातो. पण कशाने, ते कळेना. घरात चोर आहे, नाव ठाऊक नाही, अशातली गत! १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत कोलांनी फळ्यावर १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ मांडले आणि, म्हणतात, अवाक्षर न बोलता ते खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट! तीन वर्षांचे रविवार लागले म्हणे. बाकी शून्य. आमच्या रविवारांचीही बाकी शून्यच. फक्त टाळ्या नाहीत.