कोणत्या जनुकाचं काम आधी नोंदवायचं? १२ जीवांच्या सामाईक यादीची गोष्ट

जनुकीय तपासणीच्या अहवालात काही वेळा ‘बदल आढळला, पण त्याचा अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. यामागे अनेक कारणं असू शकतात. त्यातलं एक अगदी साधं आहे: ते जनुक शरीरात नेमकं काय करतं, हेच पुरेसं माहीत नसतं.

माणसात प्रथिनं तयार करणारी साधारण २० हजार जनुकं आहेत. त्यांच्या कामाची नोंद ठेवणारे तज्ज्ञ मात्र मोजके आहेत. मग सुरुवात कोणत्या जनुकापासून करायची?

जनुकाची ‘नोंद’ म्हणजे काय?

१९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट आणि उंदीर या जीवांची जनुकीय माहिती सांभाळणारे तीन गट एकत्र आले आणि ‘जीन ऑन्टॉलॉजी’ हा प्रकल्प सुरू झाला. एकाच कामाला वेगवेगळे गट वेगवेगळी नावं देत असतील, तर संगणकाला तुलना करता येत नाही. म्हणून सगळ्यांसाठी एकच शब्दसंग्रह ठरवण्यात आला.

या पद्धतीत प्रत्येक जनुकाबद्दल तीन गोष्टी नोंदवतात. इन्सुलिनच्या जनुकाचं उदाहरण घेऊ.

- प्रथिन काय करतं? पेशीवरच्या ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतं.
- कोणत्या प्रक्रियेत भाग घेतं? रक्तातल्या साखरेच्या नियंत्रणात.
- कुठे काम करतं? पेशीच्या बाहेर.

या नोंदी करणाऱ्या जीवशास्त्रज्ञांना क्युरेटर म्हणतात. ते शोधनिबंध वाचतात आणि प्रत्येक नोंदीसोबत पुरावा कोणत्या प्रकारचा आहे, हेही लिहितात. थेट प्रयोगातून कळलं की संगणकाने अंदाज केला, हा फरक त्यामुळे स्पष्ट राहतो.

यीस्टचा माणसाशी काय संबंध?

पेशीचं विभाजन चालवणारं एक जनुक यीस्टमध्ये बिघडलं होतं. १९८७ मध्ये मेलानी ली आणि पॉल नर्स यांनी त्या यीस्टमध्ये माणसाचं जनुक घातलं आणि विभाजन पुन्हा सुरू झालं. यीस्ट आणि माणूस यांचे वंश वेगळे होऊन १०० कोटींच्या आसपास वर्षं झाली, तरी काम तेच राहिलं होतं. पेशीविभाजनावरच्या संशोधनासाठी नर्स यांना २००१ मध्ये नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

माणसावर जे प्रयोग करता येत नाहीत, ते माशीवर किंवा यीस्टवर करता येतात. पण त्याचा फायदा घ्यायचा तर एकाच वंशातल्या जनुकांच्या सगळ्या जीवांमधल्या नोंदी शेजारी-शेजारी असायला हव्यात. प्रत्येक गट आपापल्या आवडीची जनुकं निवडत राहिला, तर असा मेळ बसत नाही.

सामाईक यादी कशी ठरली?

यासाठी ‘रेफरन्स जीनोम’ प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात १२ जीव होते: माणूस, उंदीर, घूस, कोंबडी, झेब्राफिश, फळमाशी, एक सूत्रकृमी, एक अमीबासारखा मातीतला जीव, दोन प्रकारचं यीस्ट, अरॅबिडॉप्सिस ही छोटी वनस्पती आणि ई. कोलाय जिवाणू. ठरलेल्या जनुकांवर सगळ्या गटांनी एकाच वेळी काम करायचं, असा नियम होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार निवडीचे निकष असे होते:

- माणसाच्या आजारांशी संबंध असलेली जनुकं
- उत्क्रांतीत फारशी न बदललेली जनुकं
- माहीत असलेल्या जैवरासायनिक साखळ्यांमधली जनुकं
- नव्या, महत्त्वाच्या संशोधनामुळे चर्चेत आलेली जनुकं

काम वाटतं तितकं सरळ नव्हतं. माशांच्या एका पूर्वजात अख्खा जनुकसंच दुप्पट झाला होता. त्यामुळे माणसाच्या एका जनुकासमोर झेब्राफिशची दोन जनुकं येऊ शकतात. ई. कोलायमध्ये तर अनेकदा त्या वंशाचं जनुकच नसतं. पुढे २०११ च्या सुमारास जनुकांची वंशावळ मांडून, पूर्वज जनुकाचं काम ठरवून ते वंशजांना लागू करण्याची पद्धत आली. अशा नोंदींवर ‘हा वंशावळीवरून काढलेला निष्कर्ष आहे’ अशी खूण असते.

रिकाम्या जागेचे दोन अर्थ

एखाद्या जनुकासमोर काहीच लिहिलेलं नसेल, तर ‘शोधलं, पण काही सापडलं नाही’ असाही अर्थ होतो आणि ‘अजून कोणी शोधलंच नाही’ असाही. म्हणून जीन ऑन्टॉलॉजीत ‘माहिती उपलब्ध नाही’ अशी वेगळी, तारखेसह नोंद करता येते. आपण पाहून ठेवलं आहे, हे पुढच्या माणसाला त्यावरून कळतं.

दुर्लक्षित जनुकांचं काय?

यादी कितीही विचारपूर्वक केली, तरी क्युरेटर जे छापून आलं आहे तेच नोंदवू शकतो. आणि संशोधन ठरावीक जनुकांभोवतीच फिरतं. कर्करोगाशी संबंधित टीपी५३ या एका जनुकावर हजारो शोधनिबंध आहेत, तर कित्येक जनुकांवर जेमतेम काही.

दुर्लक्षित म्हणजे बिनमहत्त्वाचं नव्हे. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी माणूस आणि फळमाशी या दोघांतही असलेली, पण काम माहीत नसलेली सुमारे २६० जनुकं निवडली आणि माश्यांमध्ये ती एकेक करून दाबून पाहिली. त्यांपैकी ६२ जनुकांशिवाय माश्या जगू शकल्या नाहीत.

म्हणूनच ‘उत्क्रांतीत टिकून राहिलेलं’ हा निकष महत्त्वाचा ठरतो. अशा जनुकासमोरची जागा सगळ्या जीवांमध्ये रिकामी दिसली, तर पुढचा प्रयोग कुठे करायला हवा हे प्रयोगशाळांना समजतं. तो प्रयोग झाला आणि त्याची नोंद झाली, की अहवालातल्या ‘अनिश्चित’ शेऱ्यांपैकी काहींचा उलगडा होण्याची शक्यता वाढते.