कुरणशाळा आणि आपला नाका

काल धामणकर नाक्यावर स्टेशनरीच्या दुकानात ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात यादी: चार्टपेपर, चकाकी कागद, रंगीत प्रिंट. वर लिहिलेलं, 'सुट्टीतील ऐच्छिक उपक्रम'. माझ्यापुढच्या ताई पर्समधले पैसे दोनदा मोजत होत्या. कसलं ऐच्छिक?

मंडळी, हे कोडं आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात कधीच सुटलंय. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत बालवाडी काढली, सोबत अनुताई वाघ. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शिंपले, बिया, पानं, काड्या घेतल्या. मोजणं, रंग, आकार सगळं त्यातच. पुढे कोसबाडला आदिवासी पोरं गुरांमागे रानात जायची, शाळेत यायची नाहीत. तर शाळाच तिकडे गेली, कुरणशाळा! घरचं काम करतो म्हणून पोराला नावं ठेवली नाहीत, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

आपल्याकडे कुरण नाही, लूम आहेत. फेकलेल्या मोडक्या कांड्यांचे दहा-दहाचे ढीग करा. चिंध्या रंगाप्रमाणे लावा. बारा तासांची पाळी करून आलेल्या बापालाही एवढं जमतं. आणि बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात.

मी यादी तशीच खिशात घालून परत आलो. पोरगी सध्या सत्तेचाळीस कांड्यांवर अडलीय, तीन कुठून आणायच्या म्हणून.