म्हातारा, मासा आणि फळीवरचा फोटो

मागच्या भाषणात आम्ही कबूल केलं होतं, की पुढच्या वेळी एका परदेशी कादंबरीवर बोलू. पुस्तक अमेरिकन, गोष्ट क्यूबा बेटावरची आणि वाचणाऱ्या आम्ही मालवणच्या. तरी पहिल्या पानापासून ओळखीचाच वास येत होता, खाऱ्या वाऱ्याचा आणि सुकत घातलेल्या जाळ्याचा.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ही छोटी कादंबरी १९५२ साली आली. १९५३ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि १९५४ मध्ये लेखकाला नोबेल. पु. ल. देशपांड्यांनी १९६५ साली ती मराठीत आणली, ‘एका कोळियाने’ या नावाने. नाव वाचून शाळेतल्या कवितेतला, पुन्हापुन्हा जाळं बांधणारा कोळी आठवतो. आमच्यातल्या एका गाबीत बाईने मात्र लगेच टोकलं, ‘आम्ही कोळी न्हय, गाबीत!’ ते खरंच आहे; आपल्या किनाऱ्यावर गाबीतच जास्त.

गोष्टीला खरा आधार होता. हेमिंग्वे हवानाजवळ राहायचे आणि कोहिमार नावाच्या मच्छीमार गावातून समुद्रात जायचे. १९३६ साली त्यांनी एका मासिकात खऱ्या म्हाताऱ्याबद्दल लिहिलं होतं. एकट्याने होडीतून गेलेल्या त्या माणसाला प्रचंड मार्लिन मासा लांब ओढून घेऊन गेला, शार्कनी अर्ध्याहून अधिक मासा खाल्ला, आणि दुसऱ्या मच्छीमारांना तो सापडला तेव्हा होडीत बसून रडत होता. त्या चार ओळींचं पुस्तक व्हायला सोळा वर्षं लागली.

पुस्तकातला म्हातारा सांतियागो. चौऱ्याऐंशी दिवस त्याला मासा मिळालेला नाही. पहिले चाळीस दिवस मानोलिन नावाचा पोरगा त्याच्याबरोबर होता. पण ‘हा म्हातारा कमनशिबी’ म्हणून आईबापांनी पोराला दुसऱ्या होडीवर घातलं. पोरगा आईबापांचं ऐकतो, पण संध्याकाळी म्हाताऱ्यासाठी जेवण घेऊन येतो. आम्हांला ही निष्ठा फार खरी वाटली. घरच्यांचा शब्द मोडायचा नाही आणि म्हाताऱ्यालाही टाकायचं नाही, अशी कसरत आपल्यापैकी कितीजणींनी केली असेल!

आता प्रेमाचं. आमच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो हाच: ‘ह्या म्हाताऱ्याची बायल खंय?’ ती वारलेली आहे. भिंतीवर तिचा फोटो होता, पण तो पाहून फार एकटं वाटायचं म्हणून म्हाताऱ्याने काढून फळीवर धुतलेल्या सदऱ्याखाली ठेवला आहे. एवढंच. तिचं नावसुद्धा नाही. साऱ्या पुस्तकात बोलणारी बाई एकच, तीही शेवटी आलेली पर्यटक, जिला मार्लिनचा सांगाडा शार्कचा वाटतो.

नवराबायकोचं प्रेम या पुस्तकात आहे ते माशांचं. म्हाताऱ्याला आठवतं, एकदा मार्लिनच्या जोडीतली मादी गळाला लागली. नर नेहमी मादीला आधी खाऊ देतो, म्हणून ती अडकली. ती होडीत येईपर्यंत नर बाजूलाच होता. शेवटी ती कुठे आहे हे पाहायला त्याने पाण्याबाहेर उंच उडी मारली आणि मग खोल निघून गेला. म्हातारा आणि पोरगा दोघांनी तिची माफी मागितली आणि तिला कापलं. आमच्यातल्या दोघीतिघी इथे गप्प झाल्या. आपण रोज सुरमई कापतो, पण माफी कोण मागतं?

सांतियागो मोठ्या माशाला भाऊ म्हणतो, आणि त्यालाच मारतो. शोकांतिका इथे आहे. शार्क नंतर येतात. (आपल्याकडे मोरीचं मटण करतात. तिथे मोरीच माणसाचं घर खाते.) मासा होडीला बांधल्यावर तो हिशेब करू लागतो: पंधराशे पौंड वजन, साफ केल्यावर दोनतृतीयांश, पौंडाला तीस सेंट. म्हणतो, याला पेन्सिल लागेल. मालवणच्या मासळीबाजारातली कुठलीही बाई टोपली खाली ठेवायच्या आत सांगेल, तीनशे डॉलर! आमच्या मते या पुस्तकात उणीव आहे ती हीच. होडी परतल्यावर लिलावात उभी राहणारी, भाव धरणारी, बर्फ मागणारी, उरलेलं सुकवणारी बाई तिथे नाही. म्हणून म्हातारा जास्तच एकटा दिसतो.

आणखी एक गोष्ट आम्हांला लागली. सांतियागो समुद्राला बाई मानतो. ज्यांनी शार्कच्या यकृताच्या पैशांतून मोटरबोटी घेतल्या, ते तरुण त्याला पुरुष म्हणतात, कुणी शत्रूही म्हणतात. आपला दर्या पहिल्यापासून पुरुषच, तरी नारळी पौर्णिमेला आपण त्याला नारळ देतो. पण मोटरबोटींचं ते भांडण इथेही आलं. यांत्रिक नौका आल्या, मग पर्ससीन जाळी आली, आणि रापणकर हात चोळत बसले. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर निर्बंधांचा आदेश निघाला. तरी वाद मिटलेला नाही.

रापणीत मात्र एकट्याचं काम नसतं. जाळं अनेकांचं, ओढणारे अनेक, आणि मिळेल त्याचे वाटे. दोरीला हात लावलेला म्हातारासुद्धा चार बांगडे घेऊन घरी जातो.

सांतियागो परत येतो तेव्हा माशाचा नुसता सांगाडा उरलेला असतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत अठरा फूट. पोरगा त्याचे फाटलेले हात पाहून रडतो, कॉफी आणायला धावतो, आणि सांगतो, आता मी तुझ्याच होडीवर येणार, घरचे काही म्हणोत. मग म्हातारा वाटे करतो. डोकं पेद्रिकोला, सापळ्यात आमिष म्हणून. आणि माशाची ती लांब टोकदार चोच, हवी असेल तर, पोराला.