भावप्रक्रियेचा कालक्रम आणि मेंदूचे चुंबकीय उद्दीपन

ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन (संक्षेप: टीएमएस) ही शस्त्रक्रिया न करता, कवटीबाहेरून मेंदूच्या ठरावीक भागाला चुंबकीय स्पंद देण्याची पद्धत आहे. चेहऱ्यावरील भाव ओळखताना मेंदूचा कोणता भाग नेमका केव्हा आवश्यक असतो, हे शोधण्यासाठी तिचा उपयोग केला जातो.

पार्श्वभूमी

अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे ही पद्धत प्रथम यशस्वीपणे वापरली. १९८९ मध्ये अमासियन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अक्षरे क्षणभर दाखवल्यानंतर ८० ते १०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर स्पंद दिल्यास ती ओळखता येत नाहीत. त्यामुळे कालमापनाचे साधन म्हणून या पद्धतीकडे लक्ष वेधले गेले.

तत्त्व

मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख (ईईजी) एखादी घडामोड केव्हा झाली ते सांगतो. परंतु ती भाव ओळखण्यासाठी आवश्यक होती की केवळ सोबत घडली, हे त्यावरून ठरत नाही. टीएमएसमुळे त्या भागाचे कार्य अल्पकाळ विस्कळीत होते. विशिष्ट क्षणी स्पंद दिल्यावरच चुका वाढल्या, तर त्या क्षणी तो भाग आवश्यक होता, असा निष्कर्ष निघतो. तुलनेसाठी टाळूसारख्या अन्य ठिकाणीही स्पंद दिले जातात.

प्रमुख निष्कर्ष

डेव्हिड पिचर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये चेहरा दाखवल्यानंतर निरनिराळ्या वेळी स्पंदांच्या जोड्या दिल्या. पश्चकपाल खंडातील उजव्या चेहरा-क्षेत्रावर ६० ते १०० मिलिसेकंदांच्या दरम्यान स्पंद दिल्यास भाव ओळखण्यात अडथळा आला. स्पर्शसंवेदनेच्या उजव्या क्षेत्राबाबत हा काळ १०० ते १७० मिलिसेकंद असा आढळला. दुसऱ्याचा भाव ओळखताना मेंदू स्वतःच्या चेहऱ्याच्या संवेदनांचाही आधार घेतो, या मताला त्यामुळे पुष्टी मिळाली. पिचर यांच्या २०१४ मधील अभ्यासात शंख खंडाच्या वरच्या खाचेचा मागील भाग ६० ते १४० मिलिसेकंदांपर्यंत आवश्यक असल्याचे दिसले. म्हणजेच ही क्षेत्रे केवळ एकामागून एक नव्हे, तर काही काळ एकाच वेळीही कार्यरत असतात.

मर्यादा

भीतीशी निगडित अमिग्डला हा भाग मेंदूत खोलवर असल्याने नेहमीच्या टीएमएसचा स्पंद तेथे थेट पोहोचत नाही. स्पंदाचा आवाज व स्नायूंचे आकुंचन यांमुळेही लक्ष विचलित होऊ शकते. अपस्माराचा इतिहास असलेल्या किंवा डोक्यात धातूचे रोपण असलेल्या व्यक्तींना सामान्यतः अशा प्रयोगांतून वगळले जाते. तसेच, दुसऱ्याचा भाव ओळखणे आणि स्वतः ती भावना अनुभवणे या भिन्न गोष्टी आहेत. वरील कालमापन केवळ पहिलीस लागू होते.